तारीखबाईंची चुकलेली तारीख

आमच्या विद्यापीठात तारीखबाईंचं खरं नाव जाणून घ्यायचं झालं, तर थेट पगारपत्रकच उघडावं लागलं असतं. बाकी कुलगुरूंपासून सायकल स्टँडवरच्या माणसापर्यंत सगळ्यांसाठी त्या तारीखबाई. त्या भेटल्या की माणसाला कुठली ना कुठली तारीख आठवायची, आणि ती बहुतेक वेळा जवळ आलेली असायची. जिन्यात, कँटीनमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठेही एखादा प्राध्यापक दिसला की त्या हसून म्हणायच्या, "सर, बावीस." एवढंच. सर चहा अर्धा टाकून उठायचे.

मी त्यांच्या शेजारच्या आवक-जावक विभागात होतो. आलेलं पत्र नोंदवायचं, जाणारं पत्र नोंदवायचं, आणि मधल्या वेळात जमेल तेवढं आयुष्य काढायचं, असं माझं काम. आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, प्लायवुडचा आडोसा होता. त्यामुळे तिकडे बोललेलं प्रत्येक वाक्य इकडे आवक व्हायचं. हे सगळं मला इतकं नीट माहीत आहे ते त्यामुळे. उरलेलं त्यांच्या नणंदेने सांगितलं, आणि त्या बाईंच्या सांगण्यावर शंका घ्यायची हिंमत मला अजून झालेली नाही.

तारीखबाई मूळच्या परीक्षा विभागातल्या. चोवीस वर्षं त्यांनी गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं तपासली. छापलेल्या कागदावर चूक असली की ती त्यांना डोळ्यात गेलेल्या कचऱ्यासारखी सलायची. एका वर्षी पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी सतराशे प्रमाणपत्रं अडवून धरली, कारण 'कुलगुरू' शब्दातला शेवटचा उकार ऱ्हस्व छापला होता. समारंभ आठ दिवस पुढे गेला. प्रमुख पाहुण्यांनी येणं रद्द केलं. एवढ्याशा उकारासाठी कोणी एवढं करतं का, असं कुलसचिवांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की उकार तुमच्या पदातला असता तरी मी अडवलंच असतं. महिन्याभरात त्यांची बदली झाली. बदलीच्या आदेशात दोन चुका होत्या. बाईंनी त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून आदेश परत पाठवला, आणि शुद्ध प्रत हातात आल्यावरच खुर्ची सोडली.

नवी जागा म्हणजे 'अनुदान व अभ्यासवृत्ती मार्गदर्शन कक्ष'. नाव भारदस्त, खोली जिन्याखालची. एका बाजूला छत इतकं उतरतं की उंच प्राध्यापक आत येताना आपोआप नम्र व्हायचे. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक कपाट, ज्याचा खालचा खण उघडायला गुडघ्याचा धक्का द्यावा लागे. काम काय, तर कुठेतरी एखादी संस्था एखाद्या अभ्यासासाठी पैसे द्यायला तयार बसलेली असते, आणि कुठेतरी एखादा माणूस नेमका तोच अभ्यास खिशाला चाट लावून करत असतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. तो पत्ता लावून द्यायचा. बाईंना हे पहिल्याच दिवशी उमगलं. घरी जाऊन त्या म्हणाल्या, "स्थळं बघायचं काम आहे. फक्त दोन्हीकडची मंडळी जरा जास्त शिकलेली आहेत, म्हणून वेळ लागेल."

पहिले सहा महिने त्या खोलीकडे कोणी फिरकलं नाही. मग बाई स्वतःच वही घेऊन विभागाविभागांतून हिंडायला लागल्या. 'तुमचं संशोधन काय?' असं त्या विचारत नसत, कारण त्या प्रश्नावर प्राध्यापक छापील बोलतात. त्या विचारत, "तुम्हाला कशाबद्दल विचारलेलं आवडतं?" आणि खुर्ची ओढून बसत. इतिहासाच्या मॅडम जुन्या शाळांमधल्या शिक्षांच्या नोंदी गोळा करत होत्या. त्यांना एका लांबच्या ग्रंथालयाची प्रवासवृत्ती मिळाली. रसायनशास्त्राचे एक सर कापडाच्या रंगांवर काम करत होते. त्यांना हवं ते यंत्र मिळालं. मंजुरीचं पत्र वाचून ते आनंदाच्या भरात बाईंच्या खोलीत ताठ उभे राहिले, आणि आठवडाभर कपाळावर टेंगूळ घेऊन हिंडले. हळूहळू लोक जिन्याखाली वाकून यायला लागले.

बाईंची शिस्त कडक होती. प्रत्येक सूचनापत्रक त्या दोनदा वाचत, दुसऱ्या वेळी खालून वर, कारण खरी अट तळाला बारीक अक्षरात लपलेली असते. आणि अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी जायचा म्हणजे जायचाच. त्यात दयामाया नाही.

अर्ज तयार झाला की त्याची शेवटची परीक्षा बाईंच्या घरी व्हायची. घरात तिघंच. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, तो डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा आणि घरी आल्यावरही ते भिंग काढायला विसरायचा. त्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद, शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, यांच्याकडेच राहायची. बाई तिला वन्सं म्हणत. वन्सं स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसत आणि बाई त्यांना अर्ज मोठ्याने वाचून दाखवत. "बरं, मग पुढे?" असं वन्संनी विचारलं की अर्ज पास. वन्संनी विषय बदलला की परत लिहायचा.

अशात बाईंना गांडूळ सर सापडले.

ते प्राणिशास्त्र विभागात होते. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सरांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही असावं असा माझा संशय आहे. बावीस वर्षं ते सकाळी आठचा वर्ग घेत होते, एकदाही न चुकता. रविवारी ते विद्यापीठाच्या मैदानावर पालथे पडून गवताला कान लावत. पहिल्यांदा नवीन पहारेकऱ्याने ते पाहिलं तेव्हा त्याने सरळ रुग्णवाहिका बोलावली होती. सर उठून कपडे झटकत त्या लोकांची माफी मागायला लागले, आणि माफी मागता मागता त्यांनी त्या लोकांना गाडीच्या चाकांनी जमिनीत किती खोल धक्का बसतो ते समजावून सांगितलं.

बाई त्यांच्याकडे तीनदा गेल्या. तीनही वेळा सर म्हणाले, "काही नाही हो, असंच चालू असतं." चौथ्या वेळी सव्वादोन तास बोलले. त्यांचं म्हणणं असं, की माणसं जमिनीवर चालली की त्याचा कंप खाली गांडुळांपर्यंत पोचतो, आणि त्यावरून ती कुठे राहायचं, किती खोल जायचं हे ठरवतात. अकरा वर्षं ते मैदानाच्या चार कोपऱ्यांत मोजमाप घेत होते. पण वर्ग, प्रात्यक्षिकं, पेपर तपासणं यांतून काम पुरं करायला सलग वेळ कधी मिळालाच नाही.

बाईंच्या वहीत एका मोठ्या प्रतिष्ठानाची अभ्यासवृत्ती होती. वीस वर्षांहून जास्त शिकवलेल्या शिक्षकाला पूर्ण वर्षभर शिकवण्यातून सुट्टी, पगार चालू, आणि स्वतःचं अर्धवट राहिलेलं संशोधन पुरं करायची मुभा. जणू सरांचं माप घेऊन शिवलेली. बाईंनी पत्रक पुढे ठेवलं तर सर खुर्चीत मागे सरकले. माझ्या जागी आठचा वर्ग कोण घेणार, असं त्यांनी विचारलं. बाईंनी तळाची अट दाखवली: बदली शिक्षकाचा पगारही प्रतिष्ठानच देणार. विभागप्रमुख सही करणार नाहीत, असं सर म्हणाले. बाईंनी सही आधीच आणली होती. मग सर म्हणाले की मला अर्ज लिहिता येत नाही. हे मात्र खरं निघालं.

त्यांनी लिहून आणलेला मसुदा साठ पानांचा होता. नुसतं शीर्षकच अडीच ओळींचं: 'मानवजन्य भूपृष्ठीय कंपनांच्या अनुषंगाने ओलसर मृदास्तरांतील गांडूळवर्गीय सजीवांच्या ऊर्ध्वाधर स्थलांतराचा तौलनिक व परिमाणात्मक अभ्यास'. बाईंनी ते घरी वाचायला घेतलं. वन्संनी दोन शेंगा सोलल्या आणि तिसरी हातात धरून झोपी गेल्या.

तेव्हा बाईंनी पुढच्या रविवारी सरांनाच घरी बोलावलं. सर नवे बूट घालून आले आणि ते कुठे काढावेत यातच त्यांची पाच मिनिटं गेली. वन्संनी त्यांच्यापुढे मटारांचं अर्धं टोपलं सरकवलं. हात गुंतले की माणूस सरळ बोलतो, असं त्यांचं शाळेतलं निरीक्षण होतं.

"म्हणजे वर आपण चाललो की खाली त्यांना कळतं?" वन्संनी विचारलं.

"हो."

"कोण चालतंय हेही कळतं?"

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते म्हणाले, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं. बहुतेक कळत असावं. पळणारा आणि चालणारा यांत फरक करत असतील."

"मग हेच लिहा की. साठ पानं कशाला?"

साठ पानांची आठ झाली. वन्संच्या आग्रहाने शीर्षक झालं, 'वर कोण चाललंय?' जुनं शीर्षक, सरांच्या समाधानासाठी, त्याच्या खाली बारीक अक्षरात राहिलं.

अर्जाची मुदत पत्रकात अशी छापली होती: '१५ तारीख, रात्री १२'. अर्ज तेरा तारखेला दुपारीच तयार झाला. बाईंच्या शिस्तीप्रमाणे चौदाला सकाळी तो जायला हवा होता. पण तेराला संध्याकाळी त्यांना एका शब्दाने पछाडलं. पान तीनवर सरांनी 'जमिनीची थरथर' असं लिहिलं होतं. थरथरतं ते घाबरलेलं माणूस, जमिनीला कंप सुटतो, असं बाईंना वाटायला लागलं. पण कंप म्हटलं की भूकंप आठवतो, तोही नको. चौदा तारखेचा अख्खा दिवस त्यांनी शब्दकोश चाळण्यात घालवला. मधेच आडोशावरून मला विचारलं, "तुम्ही काय म्हणाल, थरथर की कंप?" मी म्हटलं, बाई, मी आवक की जावक एवढंच सांगू शकतो. "उद्या रात्री बारापर्यंत वेळ आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता त्यांनी 'कंप' पक्कं केलं आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मी सात वेळा आवाज ऐकला आणि उठून गेलो. पडद्यावर तांबड्या अक्षरांत तीन शब्द होते: मुदत संपली आहे.

पंधरा तारीख, रात्री बारा. प्रतिष्ठानाच्या हिशेबाने पंधरा तारीख जिथे सुरू होते ते बारा. बाईंच्या हिशेबाने ती जिथे संपते ते.

पुढचे दोन दिवस विद्यापीठात दुसरा विषय नव्हता. कँटीनमध्ये गणिताच्या सरांनी टिश्यू पेपरवर रेषा काढून सिद्ध केलं की रात्रीचे बारा हे येणाऱ्या दिवसाचे असतात. कायद्याच्या मॅडमनी तितक्याच ठामपणे सांगितलं की शंकेचा फायदा अर्जदाराला मिळायला हवा. तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले की बारा कोणाचेच नसतात, आणि त्यांचा चहा गार झाला. बाईंच्या नवऱ्याला विचारलं तर तो भिंगातूनच म्हणाला, घड्याळाला तारीख माहीत नसते, त्याला यात ओढू नका. मतं वेगळी असली तरी सहानुभूती सगळी बाईंच्या बाजूने होती. पत्रकच चुकीचं छापलेलं, त्यात बाईंचा काय दोष, असं जो तो म्हणत होता. स्वतः गांडूळ सरही येऊन तेच म्हणून गेले.

एकट्या वन्संनी तसं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "वहिनी, बारा कोणाचेही असोत. अर्ज तेराला तयार होता ना?"

हे फक्त तिघांना माहीत होतं: बाईंना, वन्संना आणि प्लायवुडमुळे मला. मी तर तोंडातून ब्र काढणार नव्हतो. बाईंनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर त्यांच्या नावाला चरासुद्धा पडला नसता. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, प्राणिशास्त्र विभागात कसली सही घ्यायची आहे का. नव्हती. पण मी रजिस्टर उचललं आणि सोबत निघालो.

सर प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत माती भरत होते. बाई दारातच उभ्या राहिल्या. एरवी पन्नास माणसांत खणखणीत बोलणारी बाई, त्या दिवशी आवाज बसलेला.

"सर, पत्रक चुकीचं होतं हे खरं आहे. पण अर्ज तेराला तयार होता. मी दोन दिवस धरून ठेवला, एका शब्दासाठी. सगळ्यांना आदल्या दिवशीचा नियम लावते आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मोडला. तुमचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

सरांनी मातीचे हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. तुम्ही रागवाल."

"सांगा."

"मुदत संपली असं कळलं तेव्हा मला जरा सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी गाढ झोपलो."

बाईंचा चेहरा मी शेजारून पाहत होतो. तो आधी पडला, मग हळूहळू लाल होत गेला. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि ज्यांच्यासाठी उतरला नव्हता ते गाढ झोपले होते.

"का?" त्यांनी विचारलं. आवाज आता बसलेला नव्हता.

सर काचेच्या पेटीकडे बघत बोलले. बावीस वर्षं त्यांना रोज सकाळी आठ वाजता कोणीतरी प्रश्न विचारत आलं होतं. वर्षभर कोणी काही विचारलं नाही, आणि मग लक्षात आलं की आपल्याजवळ स्वतःचा असा एकही प्रश्न नाही, तर? अर्ध्यावर राहिलेलं काम निदान चांगलं दिसतं. पुरं झालेलं काम कसं दिसेल कोणी सांगावं.

बाईंनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, सरांच्या टेबलावर आपटलं आणि मी आजवर ऐकलेली सगळ्यात लांब झाडाझडती सुरू झाली. तिच्यात अकरा वर्षांचं मोजमाप होतं, मटार सोलून सुजलेली वन्संची बोटं होती, शब्दकोशाचे तीन खंड होते. त्या थांबल्या तेव्हा सर म्हणाले, "पुढच्या वर्षी करू."

"करूच," बाई म्हणाल्या. "आणि येत्या रविवारपासून तुम्ही आमच्याकडे यायचं. वन्सं प्रश्न विचारतील. तुम्हालाही त्यांना विचारावे लागतील. त्यांना नुसती उत्तरं चालत नाहीत."

त्याच दिवशी बाईंनी प्रतिष्ठानाला पत्र लिहिलं. सवलत मागितली नाही. अर्ज उशिरा आला हा दोष माझा, असं पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. मग लिहिलं की पुढच्या वेळी मुदत रात्री अकरा एकोणसाठ अशी छापावी, म्हणजे ती कोणत्या दिवसाची याबद्दल भांडण उरणार नाही. आणि सोबत पत्रकातल्या आणखी दहा चुकांची यादी जोडली, पान क्रमांकांसकट. मी ते पत्र जावक केलं तेव्हा माझी खात्री होती की आता आमच्या विद्यापीठाचं नाव तिथे कायमचं काळ्या यादीत जाणार.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. यंदा काही करता येणार नाही, असं सभ्य भाषेत होतं. खाली प्रतिष्ठानाच्या कार्यवाह बाईंनी हाताने लिहिलं होतं: अकराही दुरुस्त्या मान्य.

त्या मान्य झाल्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसला. नवं पत्रक इतकं स्वच्छ आणि सोपं निघालं की आजवर अर्ज करायला बिचकणाऱ्या लोकांनीही अर्ज केले. संख्या तिप्पट झाली. कुलसचिवांनी जिन्यात बाईंना गाठून म्हटलं की तुम्ही आपल्याच माणसापुढे रांग लावून ठेवलीत. बाई म्हणाल्या, रांगेत उभं राहायला हरकत नाही, रांग कुठे आहे ते कळायला हवं.

सरांचा अर्ज या वेळी चार दिवस आधी गेला. बटण सरांनी दाबलं. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या, आणि पान तीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मुलाखत पडद्यावरून होणार होती, आणि आवारात इंटरनेट धड चालणारी खोली नेमकी जिन्याखालची. सर कोट घालून आले, वाकून आत शिरले, बसले. पलीकडे पाच परीक्षक. बाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. आम्ही दोघं आडोशाला कान लावून होतो. रविवारी मैदानावर सर जसे दिसत, बहुधा तसेच.

सुरुवात चांगली झाली. वन्संच्या वर्षभराच्या तालमीने सर सरळ, लहान वाक्यांत बोलत होते. मग एका परीक्षकाने विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण याचा उपयोग काय.

बाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळ रुतलं.

"शेतीला होऊ शकेल," सर म्हणाले. "पण ते मी सिद्ध केलेलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही. आत्तापर्यंत झालेला उपयोग एकच. आपण चालतो त्या जमिनीखाली कोणीतरी आपली दखल घेतंय हे कळल्यापासून मी जरा हळू चालतो. बाकी काय होईल ते मला खरंच माहीत नाही. त्यासाठीच वर्ष मागतोय."

पलीकडे कोणीतरी हसलं. ते कुचेष्टेने की कौतुकाने हे प्लायवुडमधून कळेना.

महिन्याभराने निकालाचं पत्र आलं. ते माझ्याकडे आवक झालं, म्हणजे जगात सगळ्यात आधी मला कळलं: निवडलेले दहा, आणि प्रतीक्षा यादीत पहिले गांडूळ सर. मी पत्र घेऊन गेलो. बाईंनी ते वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं, आणि दोन्हीकडून ते तेच निघालं. सरांनी खांदे उडवले. पण या वेळी ते घरी जाऊन झोपले नाहीत. त्या रविवारी, वन्संच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी एकही शेंग धड सोलली नाही. दाणे टाकून सालं पातेल्यात ठेवत होते.

मग पंधरा दिवसांनी कार्यवाह बाईंचा फोन आला. निवडलेल्यांपैकी एकाने होकार वेळेत कळवला नव्हता. जागा रिकामी झाली होती, सरांना हवी का, असं त्या विचारत होत्या; बाई प्रत्येक वाक्य खात्रीसाठी मोठ्याने परत म्हणत होत्या. मी आडोशापलीकडे उडी मारायच्या बेतात होतो. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "होकाराची तारीख त्यांना नीट कळवली होती का? वेळेसकट?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला असावा, कारण बाई बराच वेळ थांबल्या. तारीख कळवली होती, वेळ कळवली होती, दोनदा आठवणही केली होती. त्या गृहस्थांना दुसरीकडे त्याहून मोठी वृत्ती मिळाली होती, आणि कळवायचं त्यांनी मनावरच घेतलं नव्हतं. हे सगळं खुंटा हलवून बळकट केल्यावरच बाई म्हणाल्या, "सर येतील." मग त्यांनी फोन ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि मला बजावलं की यातलं काही आवक करायचं नाही.

सर वर्षभर लांबच्या एका शेतकी संशोधन केंद्रात राहिले. पहिल्याच महिन्यात त्यांचं बाईंना पत्र आलं, की इथे सगळं छान आहे, पण मला कोणी काही विचारत नाही. बाईंनी पोस्टकार्डावर उलट टपाली उत्तर धाडलं: 'मग तुम्ही विचारा.' त्यानंतर चार महिने पत्र नाही. वन्संनी काळजी करायला नकार दिला. माणूस कामात असला की लिहीत नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि रविवारी चारऐवजी तीनच कप चहा टाकायला लागल्या.

परत आल्यावर सरांनी विद्यापीठात व्याख्यान दिलं. सभागृह अर्धं भरलं, जे गांडुळांसाठी पुष्कळ झालं. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की त्यांचा अकरा वर्षांचा अंदाज निम्मा चुकला होता. पावलं वाजली की गांडुळं सरसकट खोल जात नाहीत. रोजच्या, ठरावीक वाटेवरच्या पावलांची त्यांना सवय होते. ती घाबरतात अनोळखी पावलांना. चूक सापडल्याचं सांगताना सरांचा चेहरा इतका खुलला होता की मागच्या रांगेतले पेंगणारेही ताठ बसले.

बाई मात्र 'निम्मा' या शब्दापाशीच अडकल्या होत्या. व्याख्यान संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की निम्मं चुकलं तर निम्मे पैसे परत मागतील का हो. त्या तशाच खोलीत गेल्या, नियमावली काढली आणि खालून वर वाचली. तसं कलम नव्हतं. उलट पुढच्या महिन्यात प्रतिष्ठानाने सरांना आणखी दोन वर्षं अर्धवेळ काम करायची परवानगी दिली, चुकलेल्या निम्म्याचा पाठपुरावा करण्यासाठी. आठचा वर्ग आता सर आणि त्यांच्या जागी आलेली तरुण शिक्षिका वाटून घेतात.

तारीखबाईंच्या निवृत्तीला अजून दीड वर्ष आहे. प्रतिष्ठानाची पत्रकं छापायला जाण्याआधी त्यांच्याकडे वाचायला येतात; त्याचं त्या काही घेत नाहीत, फक्त तांबडी शाई तिकडून पाठवा म्हणतात. सध्या बाई त्या तरुण शिक्षिकेच्या मागे आहेत. ती प्रयोगशाळेच्या ओल्या भिंतीवरच्या गोगलगायींच्या नोंदी ठेवते, आणि अर्ज करण्याएवढं आपलं काम अजून झालेलं नाही असं समजते. परवा ती काही कागद द्यायला आली आणि लगेच निघाली होती. बाईंनी खुर्ची पुढे केली. "जरा बस," त्या म्हणाल्या, "तुला कशाबद्दल विचारलेलं आवडतं?" ती म्हणाली, काही नाही, असंच. मी चहा मागवला. लगेच नाही, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती बोलणार, आणि तेव्हा निदान दोन तास तरी लागतील.